विश्लेषण : न्यूयॉर्क-लंडन सात तास, मग लंडन-न्यूयॉर्क आठ तास का? अटलांटिकवरच्या विमानप्रवासाचे गणित काय?

न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावरून लंडनच्या हीथ्रोला जाणाऱ्या विमानाच्या तिकिटावर साधारण सात तासांचा प्रवास लिहिलेला असतो. तेच विमान उलट निघाले की तिकिटावर आठ तास दिसतात. मधला अटलांटिक महासागर तेवढाच असतो, अंतर एका किलोमीटरनेही वाढलेले नसते. मोबाइलवर दोन विमानतळांमधले अंतर शोधून त्याला विमानाच्या ताशी ९०० किमी वेगाने भागले, तर उत्तर येते सहा तास दहा मिनिटे. हे उत्तर दोन्ही तिकिटांवर सापडत नाही. मग मधला वेळ जातो कुठे? आणि तो कुणाच्या पदरात पडतो?

नेमके अंतर किती?

जेएफके ते हीथ्रो हे अंतर सुमारे ५,५५० किमी, म्हणजे जवळपास ३,००० सागरी मैल आहे. हे अंतर 'ग्रेट सर्कल'वर मोजलेले असते. पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून दोन ठिकाणांना जोडणारी सर्वात जवळची वाट म्हणजे ग्रेट सर्कल. शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशावर न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यात पट्टीने रेघ मारली तर ती थेट समुद्रावरून जाते. विमान मात्र त्या रेघेवरून जात नाही. ते आधी ईशान्येकडे वळून बोस्टन, कॅनडाचा नोव्हा स्कॉशिया आणि न्यूफाउंडलंड या भागांच्या बाजूने जाते, मग समुद्रावर येते आणि आयर्लंडवरून ब्रिटनमध्ये उतरते. वाटेत ते लंडनच्या अक्षांशापेक्षाही उत्तरेला जाऊन येते.

नकाशावर हा वळसा दिसतो, पण तो वळसा नाही. नकाशा सपाट आणि पृथ्वी गोल असल्याने झालेला हा दृष्टिभ्रम आहे. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर दोन्ही शहरांवर दोऱ्याची टोके धरून दोरा ताणावा, तो आपोआप उत्तरेकडे सरकतो. नकाशावरच्या सरळ रेघेने, म्हणजे एकच होकायंत्री दिशा धरून गेल्यास अंतर सुमारे ५,७६० किमी भरते. 'सरळ' गेलेले विमान सुमारे २०० किमी जास्त उडेल आणि प्रवाशांची पंधरा मिनिटे वाया जातील.

मुंबई-न्यूयॉर्क थेट प्रवासात तर हा फरक डोळ्यात भरतो. सुमारे साडेबारा हजार किमीची ही सर्वात जवळची वाट मध्य आशिया, रशिया अशी बरीच उत्तरेकडून जाते. सीटसमोरच्या पडद्यावर बर्फाळ प्रदेश पाहून 'आपण इकडे कुठे आलो?' असा प्रश्न पडणाऱ्यांना उत्तर त्या दोऱ्यात मिळते. अर्थात ही वाट मोकळी असेल तरच. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा उत्तर भारतातून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या भारतीय विमानांचा प्रवास लांबला. अंतराच्या तक्त्यात मात्र काहीच बदलले नव्हते.

जाताना लवकर, येताना उशीर का?

याचे मुख्य कारण वारा. जमिनीपासून साधारण नऊ ते बारा किमी उंचीवर, म्हणजे प्रवासी विमाने उडतात त्याच थरात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वाऱ्याचे पट्टे असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. उष्ण कटिबंध आणि ध्रुवाकडचा थंड प्रदेश यांच्या तापमानातील फरकातून हे वारे तयार होतात, म्हणूनच हिवाळ्यात फरक वाढला की त्यांचाही जोर वाढतो. ताशी दीडशे-दोनशे किमी हा त्यांचा सहज आढळणारा वेग. कधी कधी तो चारशेच्या आसपास जातो.

गंमत म्हणजे या वाऱ्यांची पद्धतशीर नोंद सर्वप्रथम करणाऱ्यांपैकी एक असलेले जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात आकाशात फुगे सोडून हे निष्कर्ष काढले आणि जगभर पोहोचावेत म्हणून ते एस्पेरांतो भाषेत छापले. जगाने ते वाचलेच नाहीत. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या बॉम्बफेकी विमानांना या वाऱ्यांनी हैराण केले, तेव्हा कुठे त्यांची सर्वदूर दखल घेतली गेली.

आता हिशेब पाहू. विमान हवेच्या तुलनेत ताशी ९०० किमी वेगाने जात आहे आणि वारा ताशी १५० किमी आहे. पाठीमागून वारा असेल तर जमिनीच्या तुलनेत वेग होतो १,०५०. ५,५५० किमीला लागतात ५ तास १७ मिनिटे. समोरून वारा असेल तर वेग उरतो ७५० आणि वेळ लागतो ७ तास २४ मिनिटे. दोन्ही मिळून १२ तास ४१ मिनिटे. वारा नसता तर जाऊन-येऊन १२ तास २० मिनिटे लागली असती. म्हणजे जाताना वाऱ्याने दिलेले येताना तो पुरेपूर वसूल करतो आणि वर २१ मिनिटे जास्तीची घेतो. कारण साधे आहे : विरुद्ध वाऱ्यात विमान अधिक काळ अडकून असते.

प्रत्यक्षात उलट दिशेचे विमान वाऱ्याला छाती देत नाही. ते जेट स्ट्रीम टाळून अधिक उत्तरेने किंवा दक्षिणेने जाते, थोडे अंतर जास्त कापते आणि तरीही वेळ वाचवते. कमी अंतराची वाट आणि कमी वेळेची वाट या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे वैमानिकांना रोज दिसते.

पाच तासांच्या आत लंडन?

८ फेब्रुवारी २०२० च्या रात्री ब्रिटिश एअरवेजचे बोईंग ७४७ जेएफकेहून निघाले आणि ४ तास ५६ मिनिटांत हीथ्रोला उतरले. युरोपवर तेव्हा 'कियारा' वादळ घोंघावत होते आणि त्याच्यासोबत जेट स्ट्रीमही पिसाटला होता. विमानाचा जमिनीच्या तुलनेतील वेग एका टप्प्यावर ताशी १,३२० किमीच्या पुढे गेला. व्हर्जिन अटलांटिकचे विमान त्याच रात्री अवघ्या एका मिनिटाने मागे राहिले. ध्वनीपेक्षा कमी वेगाच्या प्रवासी विमानांमध्ये या मार्गावरचा तो विक्रम ठरला.

एवढा वेग म्हणजे विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला, असे संदेश तेव्हा बरेच फिरले. ते चूक होते. पुराच्या पाण्यात सोडलेली होडी काठावरच्या माणसाला सुसाट जाताना दिसते, पण नावाडी वल्ही नेहमीसारखीच मारत असतो. विमानही सभोवतालच्या हवेत आपल्या नेहमीच्याच वेगाने जात होते, हवाच पळत होती.

पृथ्वी फिरते म्हणून हा फरक पडतो का?

हा समज फार पसरलेला आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाखाली गंतव्य शहर स्वतःच चालून यायला हवे, असा तो युक्तिवाद. पण वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरते. तसे नसते तर विषुववृत्तावर उभ्या असलेल्या माणसाला ताशी सुमारे १,६७० किमीचा वारा सतत झोडपत राहिला असता. पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे तो वेगळ्या अर्थाने. तिच्यामुळेच उत्तरेकडे सरकणारी हवा पूर्वेकडे वळते आणि जेट स्ट्रीमला दिशा मिळते.

समुद्रावर रस्ते कोण आखतो?

उत्तर अटलांटिकवरून दररोज हजाराहून अधिक विमाने ये-जा करतात, आणि बहुतेक सगळी ठराविक तासांत. अमेरिकेतून संध्याकाळी निघालेली विमाने रात्रभर उडून सकाळी युरोपात पोहोचतात, तर युरोपातली विमाने दिवसा निघून दुपारी अमेरिकेत उतरतात. किनाऱ्यापासून काही शे किलोमीटरनंतर जमिनीवरचे रडार पोहोचत नाही. मग एवढी गर्दी एकमेकांच्या वाटेत येऊ नये कशी?

त्यासाठी रोज दोनदा नवे रस्ते आखले जातात. हवामानाचा अंदाज पाहून अमेरिका-कॅनडाकडे जाणाऱ्या दिवसाच्या मार्गांची आखणी शॅनविक केंद्र करते. आयर्लंडमधील शॅनन आणि स्कॉटलंडमधील प्रेस्टविक या दोन नावांतून हे जोडनाव तयार झाले. युरोपकडे येणाऱ्या रात्रीच्या मार्गांची आखणी कॅनडातील गँडर केंद्राकडे असते. मार्गांना इंग्रजी अक्षरांची नावे असतात : दिवसाच्या मार्गांना ए, बी, सी अशी सुरुवातीची, रात्रीच्यांना वाय, झेड अशी शेवटची. आजचा 'ए' मार्ग उद्या तिथेच असेल याची खात्री नाही. पश्चिम रेखांश ३० अंशावर विमान एका केंद्राच्या हातून दुसऱ्याच्या हाती सोपवले जाते.

पूर्वी वैमानिक रेडिओवर खरखरीतून आपले ठिकाण कळवत आणि नियंत्रक त्यावर विश्वास ठेवून विमानांमध्ये भरपूर अंतर राखत. २०१९ पासून उपग्रहांमार्फत विमानाचे ठिकाण जवळपास तत्क्षणी कळू लागले, त्यामुळे विमाने अधिक जवळून आणि आपल्या सोयीच्या उंचीवरून उडू शकतात. तरीही अजून सुधारणेला वाव आहे. रीडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९-२० च्या हिवाळ्यातील न्यूयॉर्क-लंडन उड्डाणे तपासली, तेव्हा वाऱ्याचा पुरेपूर फायदा घेणाऱ्या मार्गाच्या तुलनेत काही विमानांनी १६ टक्क्यांपर्यंत जादा हवाई अंतर कापल्याचे आढळले.

समुद्राच्या मध्यावर इंजिन बंद पडले तर?

मार्ग ठरवताना वारा आणि अंतर यांच्याबरोबरच तिसरी गोष्ट पाहिली जाते, आणि ती सर्वात महत्त्वाची आहे. एक इंजिन बंद पडल्यास दुसऱ्याच्या बळावर किती वेळात विमानतळ गाठता येईल? पूर्वी अमेरिकी नियमानुसार दोन इंजिनांच्या विमानाला कुठल्याही क्षणी विमानतळापासून ६० मिनिटांच्या आतच राहावे लागे. म्हणजे अटलांटिकच्या मध्यातून सरळ जायला तीन किंवा चार इंजिनेच हवीत. बोईंग ७४७ ची सद्दी वर्षानुवर्षे टिकली त्यामागे हेही एक कारण होते. १९८५ मध्ये ही मर्यादा १२० मिनिटांवर नेण्यास मान्यता मिळाली, पुढे १८० आणि काही विमानांसाठी ३०० मिनिटांच्याही पुढे. 'इटॉप्स' या नावाने हा नियम ओळखला जातो. 'इंजिने चालली तर ठीक, नाहीतर प्रवाशांनी पोहावे' असा त्या अक्षरांचा अर्थ विमानक्षेत्रातली माणसे गमतीने लावतात.

म्हणून विमान ज्या विमानतळांवर उतरणार नसते, त्यांचाही हिशेब त्याला ठेवावा लागतो. कॅनडातील गँडर आणि गूज बे, आइसलँडमधील केफ्लाविक, आयर्लंडमधील शॅनन आणि दक्षिणेला पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरील लाजेस. प्रवाशाने ही नावे कधी ऐकलेली नसतात, पण ती उड्डाणाच्या कागदपत्रांत असतात.

त्यांचे मोल २४ ऑगस्ट २००१ रोजी दिसले. टोरांटोहून लिस्बनला जाणाऱ्या एअर ट्रान्साटच्या एअरबस ए-३३० विमानात समुद्रावर इंधनगळती सुरू झाली. वैमानिकांनी अझोर्सकडे वळण घेतले. आधी एक इंजिन बंद पडले, मग दुसरेही. खाली समुद्र, आत ३०६ माणसे आणि टाकीत थेंब नाही, अशा स्थितीत ते विमान सुमारे १९ मिनिटे तरंगत, जवळपास १२० किमी अंतर कापून लाजेसच्या धावपट्टीवर उतरले. काही जण जखमी झाले, पण एकही जीव गेला नाही. इंजिन बदलताना न जुळणारा सुटा भाग बसवला गेल्याने इंधनाची नळी घासून फाटली होती, असे चौकशीत निष्पन्न झाले. जवळ बेट नसते तर ही कहाणी सांगायला कुणी उरले नसते.

पुढच्याच महिन्यात, ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेने आपले आकाश बंद केले, तेव्हा अटलांटिकवर असलेली ३८ प्रवासी विमाने एकट्या गँडरमध्ये उतरवावी लागली. सुमारे दहा हजार वस्तीच्या त्या गावाने साडेसहा हजारांहून अधिक अनोळखी प्रवाशांना काही दिवस सांभाळले. ज्या काळात विमानांना एका दमात अटलांटिक ओलांडता येत नव्हता, त्या काळात इंधन भरण्यासाठी बांधलेला हा विमानतळ असा पुन्हा कामी आला.

साठ वर्षांत वेग का वाढला नाही?

जॉन अल्कॉक आणि आर्थर ब्राऊन यांनी १९१९ च्या जूनमध्ये न्यूफाउंडलंड ते आयर्लंड हे अंतर न थांबता सुमारे १६ तासांत पार केले आणि आयर्लंडच्या दलदलीत विमान नाकावर उतरवले. ४ ऑक्टोबर १९५८ रोजी ब्रिटिश 'कॉमेट ४' विमानांनी अटलांटिकवर जेट प्रवासी सेवा सुरू केली. त्या पहिल्याच दिवशी वाऱ्याने आपला हिशेब दाखवला : न्यूयॉर्कहून लंडनला ६ तास १२ मिनिटे, तर लंडनहून न्यूयॉर्कला गँडरचा थांबा धरून १० तास २२ मिनिटे. दोनच वर्षांत, मे १९६० मध्ये, एअर इंडियाची बोईंग ७०७ विमाने मुंबईहून लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागली.

तेव्हाची ७०७ आणि आजची ए-३५० यांच्या वेगात जवळपास फरक नाही. आजचे विमान कमी इंधनात, कमी आवाजात जाते, इतकेच. ध्वनीच्या वेगाजवळ गेले की हवेचा अडथळा एकदम वाढतो आणि इंधनाचे बिलही. वेगाचा अपवाद होता कॉनकॉर्ड. ध्वनीच्या दुप्पट वेगाने ते साडेतीन तासांच्या आसपास अटलांटिक पार करी. ७ फेब्रुवारी १९९६ रोजी त्याने न्यूयॉर्क-लंडन २ तास ५२ मिनिटे ५९ सेकंदांत गाठले. ते इतक्या उंचीवरून उडे की जेट स्ट्रीम खालीच राही, त्यामुळे त्याचे मार्ग रोज बदलावे लागत नसत. लंडनहून सकाळी साडेदहाला निघून न्यूयॉर्कच्या घड्याळात त्याच सकाळी साडेनऊच्या आत पोहोचणे ही त्याची ख्याती. पण जागा जेमतेम शंभर, तिकीट अवाच्या सवा, इंधन खाण्यात राक्षस. २००० च्या पॅरिस अपघातात ११३ जणांचा मृत्यू झाला आणि ऑक्टोबर २००३ मध्ये कॉनकॉर्डची प्रवासी सेवा कायमची बंद झाली.

हवामान बदलाचा परिणाम होणार का?

रीडिंग विद्यापीठातील पॉल विल्यम्स यांच्या २०१६ च्या अभ्यासानुसार, हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास जेट स्ट्रीमचा जोर वाढेल, पूर्वेकडची उड्डाणे आणखी लवकर आणि पश्चिमेकडची आणखी उशिरा पोहोचतील. वरच्या २१ मिनिटांच्या हिशेबाप्रमाणे एकूण तोटाच होईल. अटलांटिकवरील विमाने वर्षाला सुमारे दोन हजार तास जादा हवेत राहतील, असा त्यांचा अंदाज आहे. त्याच गटाने २०२३ मध्ये दाखवून दिले, की उत्तर अटलांटिकवर निरभ्र आकाशात अचानक बसणारे तीव्र हादरे १९७९ ते २०२० या काळात ५५ टक्क्यांनी वाढले. हे हादरे रडारवर दिसत नाहीत. सीट बेल्टचा दिवा विझला तरी पट्टा सैलसर बांधून ठेवा, ही सूचना यासाठीच असते.

तिकिटावरचा वेळ कोणता?

तिकिटावर लिहिलेले सात किंवा आठ तास हा हवेतला वेळ नसतो. विमान गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटवर थांबेपर्यंतचा तो वेळ असतो. जेएफकेवर धावपट्टीच्या रांगेतच कधी कधी अर्धा तास जातो. शिवाय विमान उशिरा पोहोचल्याचा ठपका नको म्हणून कंपन्या वेळापत्रकात थोडी सैल जागा ठेवतात. त्यामुळे 'विमान वेळेआधी पोहोचले' या घोषणेवर फार हुरळून जाऊ नये. लवकर आलेल्या विमानाला रिकामे गेट मिळेलच असेही नाही.

अंतर आणि वेळ यांतला फरक भरपाईच्या वेळी पैशांत मोजला जातो. ब्रिटन आणि युरोपीय संघाच्या नियमांत भरपाई अंतरावर ठरते, आणि ते अंतर ग्रेट सर्कलचेच धरले जाते. कंपनीच्या चुकीने विमान खूप उशिरा पोहोचले, तर ३,५०० किमीपेक्षा लांबच्या प्रवासाला ब्रिटनमध्ये ५२० पौंडांपर्यंत, युरोपीय संघात ६०० युरोंपर्यंत भरपाई मिळू शकते. वादळासारखी अपवादात्मक कारणे यातून वगळलेली आहेत. लंडनहून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला हा नियम लागू असल्याने लंडन-मुंबई प्रवाशांनाही तो उपयोगी पडतो. भारतात उड्डाण रद्द झाल्याची भरपाई मात्र अंतरावर नव्हे, तर गेट ते गेट वेळेवर ठरते. दोन तासांपेक्षा जास्त वेळेच्या उड्डाणासाठी ती कमाल १० हजार रुपये आहे.

घड्याळाचा घोळ कसा सोडवायचा?

न्यूयॉर्कहून रात्री साडेनऊला निघालेले विमान लंडनला सकाळी साडेनऊला पोहोचते, म्हणजे कागदावर बारा तास. लंडनहून सकाळी अकराला निघालेले दुपारी दोनला न्यूयॉर्कला, म्हणजे कागदावर तीन तास. लंडन न्यूयॉर्कच्या पाच तास पुढे असते. बारातून पाच वजा केले की सात, तीनात पाच मिळवले की आठ.

पण वर्षातले काही आठवडे हे गणित चुकते. अमेरिकेत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे सरकतात, ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत दोन्ही शहरांत चारच तासांचे अंतर राहते. शरद ऋतूत ब्रिटन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतो, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, तेव्हा पुन्हा एक आठवडा असाच. भारतात घड्याळ हलत नाही. त्यामुळे न्यू जर्सीतल्या मुलाकडे निघालेल्या पुण्या-मुंबईच्या आईवडिलांसाठी न्यूयॉर्क हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेनऊ, आणि लंडन साडेपाच किंवा साडेचार. लंडनला विमान बदलायचे असेल आणि तारीख मार्चच्या मध्यावरची असेल, तर दोन्ही विमानांच्या वेळा त्या-त्या शहराच्या स्थानिक घड्याळानुसारच तपासाव्यात. तिकिटावर त्या तशाच छापलेल्या असतात.